गाळलेल्या बातम्या

माझे सासरे बसवर कंडक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं डहाणू-तलासरी याच रस्त्यावर गेली. निवृत्त झाल्यावर डहाणूजवळ चिखले गावातल्या घरी चिकूच्या वाडीत रमतील असं आम्हाला वाटलं होतं, आणि ते रमलेही. पण वाडीत जाण्याआधी त्यांना बातम्या लागत. आमच्याकडे पेपर उशिरा येतो, पावसाळ्यात कधीकधी येतच नाही. मोतीबिंदू काढल्यानंतरही त्यांना बारीक अक्षर लागेना. टीव्ही ते लावत नसत. "तिथे सगळे एकदम बोलतात. तिकीट कोणाकोणाला द्यायचं तेच कळत नाही," म्हणायचे.

मी तलासरीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तालुक्यातल्या नोकरी-शिक्षणाच्या बातम्या जमवून फलकावर लावणं हे माझ्याकडे असलेलं एक काम. त्यासाठी मी कॉम्प्युटरवर एक फीड रीडर वापरते. आपल्याला हव्या त्या वर्तमानपत्रांचे, वेबसाइटांचे पत्ते त्याला एकदा देऊन ठेवायचे. तिथे नवं काही आलं की तो प्रोग्राम ते आपणहून घेऊन येतो आणि एका खिडकीत लावून ठेवतो. डावीकडे साइटांची नावं, नावापुढे न वाचलेल्या बातम्यांचा आकडा, उजवीकडे मथळे. जाहिराती नाहीत, उड्या मारणारी चित्रं नाहीत. एकदा आणलेली बातमी नेट गेलं तरी वाचता येते, आणि चिखल्यात नेट जातच असतं.

नवऱ्याने वापीहून, त्याच्या कारखान्यातून निकालात निघालेला एक कॉम्प्युटर आणला होता. तो मी बाबांच्या खोलीत मांडला, त्यात हा प्रोग्राम टाकला, अक्षरं बोराएवढी मोठी केली आणि फोल्डर करून दिले: डहाणू-पालघरचा एक, गुजरातचा एक, शेतीचा एक, हवामानाचा एक. बाबांना गुजराती मराठीइतकंच वाचता येतं.

"कितीला पडला?" त्यांनी विचारलं.

"फुकट आहे बाबा. ओपन सोर्स म्हणतात. जगभरातले लोक मिळून लिहितात, कोणालाही उघडून आतलं बघता येतं, दुरुस्त करता येतं."

"मालक कोण मग?"

"मालक असा कोणी नाही."

"आणि बिघडला तर तक्रार कोणाकडे करायची?"

तक्रारीचं बाजूला ठेवून तो त्यांना का चांगला पडेल हे मी समजावून सांगितलं. मोबाइलवर एक कोंबड्याचा व्हिडिओ बघितला की दिवसभर कोंबडेच येतात, तसं इथे नाही. हा आपल्या मनाने काही पुढे करत नाही, काही मागे ठेवत नाही. जे छापलं ते, ज्या क्रमाने छापलं त्या क्रमाने. मधे कोणी नाही.

"मधे कोणी नाही" हे त्यांना फार आवडलं. महिन्याभरात ते तरबेज झाले. मेनू इंग्रजीत होता, पण कुठलं बटण कुठे आहे ते त्यांनी थांबे पाठ केल्यासारखं पाठ केलं. वाचलेल्या बातमीचा ठळकपणा जातो, आकडा एकाने कमी होतो, हे त्यांना हिशेब चुकता केल्यासारखं वाटे. आकडा शून्यावर आणल्याशिवाय ते वाडीत जात नसत. "गाडी रिकामी," म्हणायचे आणि उठायचे.

त्रास एकाच गोष्टीचा होता. अपघाताच्या बातम्या. हायवेवर नाहीतर उधव्याच्या बाजूला काही झालं की ती बातमी ते दोनदा वाचत आणि जेवताना आम्हाला सांगत. कुठला उतार, कुठली मोरी, तिथे पूर्वी काय काय झालं होतं, कोणाला उचलून बसमध्ये घातलं होतं, सगळं. सांगता सांगता ताट तसंच राहायचं. मग त्यांच्या छातीत स्टेंट बसले. डॉक्टर म्हणाले, मनाला त्रास होईल असं काही डोक्यात घेऊ नका. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन पहिली बातमी वाचली ती ट्रक उलटल्याची.

त्या आठवड्यातल्या एका दुपारी, ते झोपलेले असताना, मी त्यांच्या कॉम्प्युटरवर फिल्टर लावला. फीड रीडरमध्ये ती सोय असते. ठरावीक शब्द असलेली बातमी आली की तिचं काय करायचं हे आपण सांगून ठेवायचं. मी शब्द घातले: अपघात, मृत्यू, भूकंप. आमच्या भागात जमीन मधूनमधून हलते, त्यावरूनही ते अस्वस्थ होत. गुजरातीतलेही तेच शब्द घातले. अशी बातमी आली की परस्पर 'वाचली' अशी खूण होऊन प्रोग्रामच्या कचऱ्याच्या पेटीत जाईल अशी व्यवस्था केली. आकड्यात ती धरलीच जाणार नव्हती.

नवऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "तुला बरं वाटतंय ते कर. पण त्यांना सांग."

सांगते म्हटलं. सांगितलं नाही. हे मी त्यांच्या हृदयासाठी केलं, यात खोटं काही नाही. पण खरं सगळंच सांगायचं तर मलाही जेवताना ते ऐकायचा कंटाळा आला होता.

फरक पडला. बाबा शांत झाले. जेवताना चिकूच्या भावावर, भाताच्या नव्या वाणावर बोलू लागले. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "हल्ली रस्ता सुधारला वाटतं. काही होत नाही फारसं."

"हो, नवे पूल झालेत ना," मी म्हणाले.

इतक्या सहज म्हणाले की आता आठवलं तरी मान खाली जाते.

बाबांचा एक दोस्त होता, त्यांच्याच गाडीवरचा ड्रायव्हर. राहायला तलासरीच्या पुढे आत एका पाड्यावर. या दोघांनी इतकी वर्षं एकत्र गाडी चालवली की डेपोत त्यांना जोडी म्हणूनच ओळखत. आता भेट वर्षातून एकदा, चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत. एरवी फोन. पण पाड्यावर फोन लागला तर लागला. दिवाळीला बाबांनी केला तर बंद होता. त्यात विशेष असं कोणालाच वाटलं नाही.

या वर्षी जत्रेला बाबांबरोबर मी गेले होते. सुक्या मासळीच्या दुकानांची रांग संपते तिथे ते दोघं दरवर्षी भेटतात. आम्ही पोचलो तेव्हा ड्रायव्हरकाका एका उलट्या क्रेटवर बसले होते. दोन्ही हात काठीवर. शेजारी त्यांची बायको उभी. एक पाय त्यांनी सरळ पुढे ताठ ठेवला होता.

"अरे, पायाला काय झालं?" बाबांनी विचारलं.

काकांनी वर बघितलं. उठले नाहीत. "आता विचारतोस?"

"म्हणजे?"

"हायवेवर मोटारसायकलवाल्याने उडवला मला. खुबा मोडला. सिल्वासाला ऑपरेशन झालं, नंतर घरी खाटेवर पडून होतो. फोन तिथेच रस्त्यावर फुटला, तुझा नंबर त्यात. पण छापूत आलं होतं." ते वर्तमानपत्राला गुजरातीसारखं छापूच म्हणतात. "फोटो नव्हता. नाव होतं, गाव होतं, रिटायर ड्रायव्हर लिहिलं होतं. मी म्हटलं, माझा कंडक्टर रोज सगळं वाचतो. वाचलं की येईल."

बाबा उभेच होते. "मी वाचतो. एकूण एक वाचतो. मला नाही दिसलं रे."

"दिसलं नाही, का दिसूनही आला नाहीस?"

"शपथ घेतो, नाही दिसलं."

काकांनी तोंड गर्दीकडे वळवलं. "गाडी मागे घेताना मी आरशात बघायचो नाही," ते म्हणाले. "तुझी शिट्टी ऐकायचो. तू म्हणालास ये, की मी येत होतो."

बाबा म्हणाले, "माझी चूक झाली. नजरेतून सुटलं असेल." आणि खाली वाकून त्यांनी काकांच्या गुडघ्याला हात लावला. मी मागेच उभी होते. काय झालं ते मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. तोंड उघडायला तेवढाच वेळ पुरेसा होता, तरी मी उघडलं नाही.

परत येताना जीपमध्ये बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. डहाणू जवळ आल्यावर म्हणाले, "बाय, माझं डोकं जातंय काय?"

"काहीतरीच काय बाबा."

"बातमी आली होती. त्याचं नाव होतं. मी वाचली असणार, कारण मी एकही सोडत नाही. वाचून विसरलो म्हणजे काय झालं?"

बाबांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी घरात कोणालाच ओळखत नव्हते. स्वतःच्या मुलीला ते "तिकीट काढलंस का, कुठे उतरणार?" असं विचारायचे, धाकट्या भावाची नोकरी आपलीच समजून. ही भीती बाबांच्या मनात किती खोल आहे ते मला माहीत होतं. तरी मी जीपमध्ये एवढंच म्हणाले, "सुटलं असेल एखाद दिवशी."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. झाडांना पाणी घालताना ते डहाणू-तलासरीचे सगळे थांबे ओळीने म्हणत. मग उलटे म्हणत. एका जागी अडखळले की पाइप हातात तसाच, पाणी नुसतं वाहतंय, आणि ते उभे. बातमी वाचून झाली की मला हाक मारत. "आता वाचलं ते सांगतो, तू बघून बरोबर का ते सांग." सगळं बरोबर असायचं. मी बरोबर म्हटलं की ते माझ्या तोंडाकडे बघत, मी मन राखायला तसं म्हणतेय का ते ताडायला. आणि एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "वापीला डोक्याचा डॉक्टर असेल तर नंबर लाव."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं.

सकाळी ते कॉम्प्युटरसमोर बसले होते तेव्हा मी जाऊन शेजारी उभी राहिले. "बाबा, तुम्ही विसरला नाहीत. ती बातमी तुमच्यापर्यंत आलीच नाही. मी अडवली होती."

त्यांना कळेना. मग मी माउस हातात घेतला, फिल्टरची खिडकी उघडली, ते शब्द दाखवले. त्यांनी शब्दांवर बोट ठेवून एकेक वाचला. अपघात. मृत्यू. भूकंप.

"कधीपासून?"

"स्टेंट बसले तेव्हापासून."

ते खुर्चीत मागे टेकले. त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मला वाटलं छातीत काही झालं, म्हणून मी खांद्याला हात लावला, तर ते म्हणाले, "म्हणजे डोकं शाबूत आहे."

"हो बाबा."

"डोकं शाबूत आहे," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही रडू आलं. आता ते माफ करतील असं मला क्षणभर वाटलंसुद्धा. पण त्यांनी पंच्याने तोंड पुसलं आणि माझा हात खांद्यावरून बाजूला केला.

"मी काय लहान पोर आहे?"

"डॉक्टर म्हणाले होते..."

"डॉक्टरने मला सांगितलं होतं. तुला नाही. मी ऐकलं नाही तर तो माझा गुन्हा. तू मला विचारलं असतंस तर मी भांडलो असतो, बस. भांडण तर झालं असतं." मग आवाज खाली आला. "आणि तू मला म्हणालीस, मधे कोणी नाही."

त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"त्या बातम्या गेल्या कुठे? पुसल्यास?"

"नाही. कचऱ्याच्या पेटीत आहेत. अजून सगळ्या आहेत."

"उघड."

मी पेटी उघडली. मथळे वरून खाली सरकत राहिले, संपेनात. मला वाटलं होतं त्यात फक्त रक्त आणि मोडतोड असेल. पण शब्दाला काय कळतंय? जखमींना रात्रभर रक्त देणाऱ्या तलासरीच्या पोरांचा सत्कार झाला होता, त्यात 'अपघात' होता म्हणून तीही बातमी तिथे. भूकंपात तडे गेलेली शाळा गावाने पुन्हा बांधली, ती तिथे. बाबांच्या डेपोतले एक जुने साहेब वारले होते, तेही तिथेच. आणि खाली एका जागी चार ओळींत ड्रायव्हरकाका. बाबांनी ती बातमी मोठ्याने वाचली. नाव आलं तिथे थांबले आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचली.

"तू कामाला जा," ते म्हणाले. "मला हे सगळं वाचायचंय."

पुढचे कितीतरी दिवस ते पेटीतल्याच बातम्या वाचत होते. आजच्या बातम्यांचा आकडा शेकड्यांवर गेला तरी तिकडे बघितलं नाही. फिल्टर त्यांनी स्वतः काढले. कसे काढायचे ते मला विचारलं, आणि मी सांगत असताना माझा हात माउसला लागू दिला नाही. डोक्याच्या डॉक्टरकडे जायचं रद्द झालं. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं तर रक्तदाब जरा चढला होता. त्यांनी गोळी वाढवली. ती गोळी रोज सकाळी काढून मीच देते. ते घेतात.

मी म्हटलं, काकांना मी येऊन सांगते. बाबा नको म्हणाले. "घरातली गोष्ट बाहेर कशाला? माझ्या नजरेतून सुटलं, मी बोललोय तसं."

"पण ते खरं नाही ना. त्यांना वाटतंय तुम्ही मुद्दाम गेला नाहीत."

त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं. मग म्हणाले, "रविवारी चल."

तलासरीपर्यंत बस, तिथून हायवे ओलांडून जीप, मग चालत. काका ओसरीवर खाटेवर बसले होते. त्यांची बायको अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. फीड रीडर म्हणजे काय ते त्यांना सांगणं अवघड गेलं, पण शब्द घालून बातम्या अडवल्या, हे समजायला काही लागत नाही.

काकांनी ऐकून घेतलं. मग बाबांना विचारलं, "म्हणजे इतके महिने मी तुमच्या मशीनच्या कचऱ्यात होतो?"

"होतास," बाबा म्हणाले.

काका हसायला लागले. खुबा दुखतो म्हणून कमरेला हात लावून हसले, आणि बाबाही हसले, अगदी पोरांसारखे. काका म्हणाले, "तरी म्हटलं, हा न येण्यातला नाही." बाबा म्हणाले, "तुझ्या फोनवर पण लावून देतो, सगळ्या बातम्या येतील." काका म्हणाले, "मला नको तुझं मशीन. मला माणूस येऊन सांगणारा पाहिजे."

काकांची बायको हसली नाही. फुलं पसरता पसरता ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हा खाटेवरून रोज विचारायचा. डहाणूची गाडी गेली का? कोणी उतरलं का? मी रोज रस्त्यापर्यंत जाऊन बघून यायची."

एवढंच बोलली. आवाज चढवला नाही. ती पुन्हा कामाला लागली. तिने कोरा चहा केला, सगळ्यांना दिला, माझा कप माझ्याजवळ जमिनीवर ठेवला.

आता बाबा अधूनमधून तिकडे जातात. त्यांना बसमध्ये चढवून द्यायला मी जाते, पाड्यावर मात्र प्रत्येक वेळी जात नाही. घरी बाबा माझ्याशी नीट बोलतात. पण मी त्यांच्या खोलीत गेले की त्यांचा हात माउसकडे जातो आणि पडद्यावरची खिडकी लहान होते. लपवण्यासारखं तिथे काही नसतं, हे त्यांनाही माहीत आहे आणि मलाही.

गेल्या वेळी मी त्यांच्याबरोबर गेले होते. निघायच्या वेळी काका म्हणाले, रस्त्यापर्यंत येतो पोचवायला. बाबांच्याने त्यांना उचलवेना. त्यांची बायको एका बाजूला गेली, काकांच्या काखेत हात घातला आणि मला म्हणाली, "बघतेस काय? त्या बाजूने धर."

मी धरलं. ते दिसतात त्यापेक्षा जड आहेत. आम्ही दोघींनी त्यांना ओसरीवरून उतरवलं आणि बांधावरून हळूहळू रस्त्याकडे नेलं. बाबा पिशवी आणि काठी घेऊन पुढे चालले होते. वाटेत ती फक्त जिथे खड्डा होता तिथे "सांभाळ" म्हणाली.